सायकलीचे नवे ब्रेक
परवा जठारपेठेत सायकलच्या दुकानापुढून जाताना नव्या रबराचा वास आला आणि मी थबकले. माझं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट आठवली. जुन्या शहरातलं सासरचं घर माणसांनी भरलेलं. नवऱ्याशी चार शब्द बोलायचे ते सायकलच्या कॅरिअरवर बसून बाजाराला जाताना. सायकलीचे दांड्यांचे जुने ब्रेक नीट लागत नसत, म्हणून मोर्णा नदीच्या पुलाचा उतार आला की मी भीतीनं त्यांची कंबर धरायची, आणि तेवढ्यापुरतं कुणी काही म्हणत नसे. एकदा मी फारच घाबरले, तेव्हा त्यांनी दुपारभर अंगणात बसून, हात काळे करत वायरचे नवे ब्रेक बसवले. "आता भेव नाई तुले," ते खुशीत म्हणाले. संध्याकाळी निघालो. गल्लीत म्हैस आडवी आली तर सायकल जागच्या जागी थांबली. मी कौतुक केलं, पण मन खट्टू झालं. धरायला आता निमित्तच उरलं नव्हतं. हात मांडीवर ठेवून बसले. उतार लागला, सायकल सुटली, वारा कानात शिरला, तरी ते ब्रेक लावीनात. "अहो, बिरेक दाबा ना!" मी ओरडले. "काहून दाबू?" ते हसत म्हणाले, "धर ना मले." मी दोन्ही हातांनी धरलं. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा मला कारनं त्या पुलावरून नेतो, सांभाळून, हळूहळू. मी खिडकीची काच खाली करते आणि म्हणते, थोडी जोरात घे ना रे.