पाकातले मणी

रंगीत टीव्ही घरोघर यायला लागले तसे मुलुंडमधल्या लोकांना जुने रेडिओ नकोसे झाले, आणि ते माझ्या नवऱ्याच्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडले. त्यांच्या पोटातून मी तांब्याची तार, पितळी चकत्या, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर काढायचे आणि हार, झुमके करायचे. मोठ्या जाऊबाई मला भंगारवाली म्हणायच्या. म्हणेनात का. पण मी बाळंतपणाला माहेरी गेले आणि त्यांनी माझा दागिन्यांचा डबाच भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकला. त्यांना म्हणे तो कचरा वाटला. मी गप्प बसले, कारण एकत्र घरात धाकटीनं तोंड उघडलं की चूक धाकटीचीच असते. विसरले मात्र नाही.

मग त्यांच्या सुनेची पहिली संक्रांत आली. काळी साडी, हलव्याचे दागिने, सोसायटीतल्या बायकांना हळदीकुंकू, आणि घाटकोपरची बडी व्याहीण येणार. जाऊबाईंना बारीक काम जमत नव्हतं. त्या हळूच स्वयंपाकघरात आल्या. दागिने मी करायचे, पण आपणच केले असं त्या सांगणार होत्या.

"तुझं नाव घेतलं तर व्याहीण म्हणेल, पोरीला भंगार घातलं. कळतंय ना तुला?"

कळलं. माझं अंग नुसतं पेटलं होतं, पण मी हो म्हटलं.

हलवा करताना मंद आचेवर तीळ परतत राहायचे आणि थेंबथेंब पाक सोडायचा, म्हणजे काटा येतो. मोडक्या इस्त्र्यांच्या आतल्या तारेवर चिनी मातीचे पांढरे मणी असतात. हारासाठी तिळांऐवजी मी तेच उकळून, धुऊन परातीत घेतले. काटा असा झकास आला की माझी मीच खूश झाले. संध्याकाळी दागिने मोडून हलवा वाटतात, तेव्हा पोरांच्या हाती हा हार लागू द्यायचा नाही, एवढं मनाशी पक्कं केलं होतं.

तशी वेळच आली नाही. व्याहीणबाई हार बघून थक्क झाल्या, कुणी केला म्हणून विचारू लागल्या. जाऊबाईंनी सगळं श्रेय घेतलं, आणि हलवा घरचाच आहे हे दाखवायला एक मणी तोडून दाढेखाली धरला. कट्टकन आवाज झाला. त्यांनी गाल धरला, डोळ्यांत पाणी आलं, आणि भरल्या खोलीत माझ्याकडे बोट केलं.

"मी नाही केलं हे. हिनं केलंय, सगळं हिनंच केलंय."

मी कुंकवाचं ताट खाली ठेवलं.

"वहिनी, परत एकदा सांगा ना. मागच्या बायकांना ऐकू नाही आलं."