थंडीतला फटका

सुधाताई, माझी थोरली बहीण, मोठ्या आजारातून उठली आणि त्याच हिवाळ्यात पुन्हा गोल्फ खेळायला लागली. सोबतीला मी जायचो. डिसेंबरातल्या एका गारठलेल्या सकाळी तिने नेहमीच्या जागेवरून फटका मारला. चेंडू छान उंच गेला, पण तळं ओलांडायला थोडक्यात कमी पडला आणि पाण्यात बुडाला. आजाराआधी तो सहज पलीकडे जायचा.

“संपलं माझं,” ती हळूच म्हणाली. “हातात जोरच उरला नाही.”

मला तसं वाटेना. घरी येऊन मी वाचत बसलो. थंड हवा दाट असते, ती चेंडूला जास्त अडवते, आणि गार पडलेला चेंडूही नीट उसळत नाही, असं कळलं. ताईला सांगितलं, तर म्हणाली, “माझी समजूत काढू नकोस.”

तरी तिने खेळ सोडला नाही. एप्रिलात, ऊन चढल्यावर, तिने मारलेला चेंडू तळ्यावरून जाऊन पलीकडच्या हिरवळीवर टेकला. मी विचारात पडलो. आपण ज्याला आपलं बळ म्हणतो, त्यात भोवतालच्या हवेचा वाटा किती असेल? आणि ज्याला दुबळेपणा समजून मान खाली घालतो, त्यात किती?

“ताई, उन्हाळ्यात हवा विरळ असते,” मी म्हणालो.

“डिसेंबरात दोष हवेचा होता, हे आता पटलं,” ती हसून म्हणाली. “पण आजचा फटका माझा आहे.”