न खोदता हजेरी

म्हाळू चौसाळ्याचा. अकरा वर्षं आम्ही दोघांनी मिळून केबलचे चर खोदले. चर कमरेइतका खोल लागायचा. तळ सपाट नसला तर म्हाळू पुन्हा उतरायचा, कुणी सांगायची वाट बघायचा नाही. काम मोजायची पद्धत ठरलेली होती. संध्याकाळी चरात पहार उभी करायची, फोटो काढून मुकादमाला पाठवायचा. फोटो पोचला की हजेरी लागली. फोटो म्हाळूच काढायचा.

मागच्या हिवाळ्यात जिल्ह्याबाहेर, लष्कराच्या कुंपणालगत काम लागलं. मुकादम रामेश्वर आमच्याच आळीतला. फोनवर म्हणाला, "मागचं गेट बी येऊ दे फोटोत. जागा कळाया पाहिजे." म्हाळूने गेट घेतलं. मग पाटी, मग मनोरा. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी रामेश्वर म्हणाला, "आज खोदू नका. आत किती गाड्या जात्यात तेवढं बघून सांगा. हजेरी लागंल."

"न खोदता हजेरी? कामून रं?" म्हाळूने विचारलं.

"बसून मिळतंय तर तुझं काय दुखतंय?" रामेश्वर हसला.

अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गाड्यांचा अन् चराचा काय संबंध, म्हाळू म्हणाला. आम्ही अवजारं तिथंच टाकून बीडची एसटी धरली.

कोर्टाबाहेरच्या वकिलाने ऐकून घेतलं. "शासकीय गुपितांचा कायदा आहे. लष्करी ठिकाणाची माहिती शत्रूला पुरवली तर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा. फोटो कुणाच्या फोनमधून गेले?"

"माझ्या," म्हाळू म्हणाला.



म्हाळूची बायको कडूबाई गावाहून आली होती. "पुसून टाका ते फोटू. फोन टाका हिरीत." मीही तेच म्हणालो. माझं चुकलं.

"पुसलं की मीच चोर ठरलो," म्हाळू म्हणाला. "अन् रामेश्वर उद्या दुसऱ्याला धरंल."

ठाण्यात त्याने फोन टेबलावर ठेवला. साहेबांनी एकेक फोटो पाहिला. "सहा दिवस काढले. कळलं नाही?"

"साहेब, मी चर बघत व्हतो."

"साक्षीदार की आरोपी, ते तपासात ठरेल. जिल्हा सोडायचा नाही."

तिसऱ्या दिवशी रामेश्वरला उचललं. फोटो पुढे कुणाकडे गेले, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. म्हाळू चार महिने घरात बसून होता. दारापुढे गाडी थांबली की उठून अंगात सदरा घालायचा.

परवा हवालदार कागद घेऊन आला. म्हाळूला वाचता येत नाही, त्याने मला बोलावलं. मी वाचलं: साक्षीदार.

"परत वाच."

परत वाचलं. कडूबाई खाली बसली.

"कोर्टात रामेश्वर समोर असंल?" त्याने हवालदाराला विचारलं.

"असणारच. बोट दाखवून ओळखायचंय."

"त्याची आई बी येईल," म्हाळू म्हणाला. मग शाईसाठी अंगठा पुढे केला.