पूजेतला सीआरओ

मला करंटची भीती वाटते. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या बाईने असं बोलावं म्हणजे मासळीबाजारात बसून वास येतो म्हणण्यासारखं झालं, हे मला आजवर शंभरदा ऐकवून झालंय. हसा बापडे. रत्नागिरीत वरच्या कातळावर आमचं कॉलेज आहे, तिथल्या लॅबची मी इनचार्ज. उपकरणं चालू ठेवायची, बिघडली की उघडायची, आणि पोरांना ती नीट वापरायला लावायची, हे माझं काम. ते मी भीत भीतच करते, आणि न भिणाऱ्यांवर ओरडत करते.

ही भीती उगीच बसलेली नाही. नोकरीला लागले त्या पावसाळ्यात एका पॉवर सप्लायच्या पत्र्याच्या पेटीवर सहज हात ठेवला, आणि तो सुटेना. बोटं मिटली ती मिटलीच. ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना. समोर माणसं बोलत होती, मला दिसत होती, आणि त्यांच्यासमोर उभ्या उभ्या मी मरत होते. कोणाचं तरी लक्ष गेलं, त्याने मेन स्विच पाडला म्हणून आज हे लिहितेय. नंतर कितीतरी दिवस घरी फ्रिजचं दार उघडताना मी पदर मध्ये घ्यायची. नवरा हसायचा. त्याला काय जातंय!

त्या पेटीची तिसरी पिन गंजून आत तुटली होती. प्लगची ती जाडी पिन असते ना, तीच. उपकरणाच्या आत कुठे करंट सुटून पत्र्यावर आला, तर तो या पिनेतून जमिनीत जातो. ती नसली तर करंट पत्र्यावरच बसून राहतो, माणसाचा हात लागेपर्यंत. मग तो माणसातून जमिनीत जातो. आमच्याकडे समुद्राचा वारा खारट, पावसाळाभर हवा ओली. पिना हिरव्या पडतात, स्क्रू गंजतात, बंद कपाटातल्या उपकरणांना बुरशी धरते, म्हणून कपाटात एक बल्ब सतत पेटता ठेवावा लागतो. त्यात ओलीमुळे लॅबचा सुरक्षेचा ब्रेकर, जरासा करंट गळला तरी पडणारा, सारखा पडायचा. एका वर्षी वायरमन आला आणि त्याने तो सरळ बाजूला काढून जोडणी केली. 'आता नाय पडायचा मॅडम,' म्हणाला. पडणार कसा? तो नव्हताच! तो परत बसवा म्हणून मी वरपर्यंत घसा कोरडा केला, पण ऐकतंय कोण.

तर त्या वर्षीची खंडेनवमी. दसऱ्याला कॉलेज बंद, म्हणून यंत्रांची पूजा आम्ही आदल्या दिवशी करतो. मीटर, सप्लाय, सोल्डरिंगच्या बंदुका, सगळं मधल्या टेबलावर मांडायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचं. दरवर्षी हे काम विभागप्रमुख सरांच्या मिसेस करायच्या. त्या वर्षी त्या पुण्याला गेलेल्या. मग सगळ्यांनी ठरवलं, पूजा मावशींच्या हातून करू या.

मावशी म्हणजे आमच्या लॅबची झाडलोट करणाऱ्या बाई. आरे-वारेच्या रस्त्याला त्यांचं गाव, तिथून सकाळच्या एसटीने येतात. लॅबमधली एकूण एक वस्तू रोज फडक्याने पुसतात. कुठल्या मशीनचं कुठलं बटण सैल आहे तेही त्यांना ठाऊक असतं. माझ्यावर त्यांची माया, आणि दादागिरी पण. 'गो बाय, जेवलीस काय?' असं विचारतील आणि उत्तर द्यायच्या आत माझा डबा उघडून बघतील. त्या दिवशी त्या नवी साडी नेसून, अबोलीची वेणी माळून आल्या होत्या. इतकी वर्षं पूजेच्या वेळी त्या दारातच उभ्या राहायच्या. यंदा ताट त्यांच्या हातात होतं.

मी सकाळी गेले तेव्हा सगळं मांडून झालेलं. माझ्या सवयीप्रमाणे प्लग बघायला खाली वाकले, तर विभागप्रमुख सर म्हणाले, "अहो मॅडम, आज नको. एकदा पूजेला मांडलं की हत्याराला हात लावायचा नाही. आज त्यांना सुट्टी."

"मग सीआरओ कसा चालू आहे?" मी विचारलं. सीआरओ म्हणजे करंटची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. आमचा जुना आहे, अख्खा पत्र्याचा. त्याच्या पडद्यावर हिरवी लाट छान हलत होती आणि वर झेंडूची माळ.

"तो फोटोसाठी," आमचे नवीन तरुण सर म्हणाले. "ग्रुपवर टाकायचाय ना."

वा रे सुट्टी, मी मनात म्हटलं, आणि मागे जाऊन उभी राहिले. सणाच्या दिवशी कुठे कटकट करा. फरशी सकाळीच पुसलेली, अजून ओलसर होती. पूजा म्हणून सगळे अनवाणी. पोरी प्रसादाच्या थाळ्या घेऊन भिंतीला टेकलेल्या, नेमक्या मेनच्या बोर्डासमोर.

मावशींनी सुरुवात केली. आधी पाणी शिंपडलं. मग ओलं बोट कुंकवात बुडवून पहिल्या मीटरला टेकवलं, फूल वाहिलं, हात जोडले. अगदी मन लावून चाललं होतं. एकेका यंत्राशी थांबत होत्या, ओठ हलत होते. मी कौतुकाने बघत होते. मध्येच पडद्यावरच्या लाटेकडे लक्ष गेलं.

लाट काढून देणारं यंत्र वेगळं असतं, फंक्शन जनरेटर. तो आमच्याकडे एकच, आणि तो बिघडलेला. मी स्वतः कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं. मग ही लाट येतेय कुठून?

मी वायरीच्या मागावर नजर नेली. सीआरओची वायर माळेखालून टेबलाच्या मागे गेली होती. तिथे पोरांच्या प्रोजेक्टचा बोर्ड, दिवा कमीजास्त करायचा. तो सरळ भिंतीतल्या मेनवर चालतो. वायरीची काळी क्लिप त्याच बोर्डाला अडकवलेली. ती क्लिप आतून सीआरओच्या पत्र्याला जोडलेली असते. असं जोडलं की खरं तर तिसऱ्या पिनेतून मोठा करंट जमिनीत जाऊन मेन खाडकन पडायला हवा. पडला नव्हता. मी खाली सीआरओच्या प्लगकडे बघितलं. प्लगच्या आणि भिंतीच्या मध्ये एक छोटा पांढरा अ‍ॅडॉप्टर होता. दोन पिनांचा.

तो अख्खा पत्रा करंटवर होता, त्यावर झेंडू होता, आणि अनवाणी मावशी ओलं बोट घेऊन शेजारच्या सप्लायपर्यंत आल्या होत्या.

धावत जाऊन त्यांना ओढावं तर मध्ये टेबल आणि माणसं. मी पोचेपर्यंत त्यांचं बोट लागलं तर? मग मला त्यांना हातसुद्धा लावता आला नसता. लावला असता तर दोघी चिकटलो असतो. मेन पाडावा तर बोर्डासमोर पोरी. मी तोंड उघडलं. आवाज नाही! देवाशपथ सांगते, आवाज फुटेना. मावशींनी बोट परत कुंकवात बुडवलं. सीआरओकडे वळल्या. हात पुढे केला.

"हात लावू नका!" मी किंचाळले. "मावशी, हात लावू नका त्याला!"

बोट पत्र्यापाशी थांबलं. मी पोरींना ढकलून बोर्ड गाठला आणि मेन पाडला. कोणाची तरी थाळी पडली, पेढे फरशीवर विखुरले. पंखे बंद झाले, पडदा काळा झाला.

"काय हे मॅडम?" सर म्हणाले. "पूजा चाललीय."

मी नुसतं खाली प्लगकडे बोट दाखवलं. मी मावशींकडे बघितलं. त्यांचा हात अजून तसाच पुढे होता, बोटावरून कुंकू फरशीवर ठिबकत होतं. चेहरा पार उतरला होता. त्यांनी हळूच ताट टेबलावर ठेवलं.

"रोज सकाळी पुसतंय मी ह्या मशिनी," त्या म्हणाल्या. "तेवा चालतो माजा हात? नि आज नाय चालत?"

आणि त्या निघून गेल्या.

तोवर तरुण सर खाली वाकले होते. अ‍ॅडॉप्टर हातात घेऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. काल बोर्ड तपासताना मेन सारखा पडत होता, म्हणून तो लावला, आणि काढायचा राहून गेला. एवढंच. एवढंसं राहून जातं आणि माणूस जातो. मी सगळ्यांना लांब उभं केलं, काळी क्लिप होती तशीच ठेवून बल्बची एक वायर पत्र्याला आणि दुसरी अर्थिंगला लावली, आणि मेन चालू करायला सांगितला. बल्ब लख्ख पेटला. मग सगळे बोलायला लागले. मॅडम, तुम्ही होतात म्हणून. मॅडम, तुमचे उपकार. ब्रेकर सुट्टी संपली की लगेच बसवू. मॅडमची स्तुती चालली होती, आणि मावशींच्या मागे कोणीही गेलं नव्हतं.

मी धावत एसटीच्या थांब्यावर गेले. त्या एकट्या उभ्या होत्या, वेणी काढून हातात धरलेली. मी सगळं सांगितलं. करंट, पिन, बल्ब. रडत रडत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आसंल," त्या म्हणाल्या. "पन सगळ्यांच्या समोर बोललीस. आता मी थयं उभी ऱ्हायली तर लोकांना काय आठवंल? तुजा करंट नाय आठवायचा."

एसटी आली आणि त्या चढल्या.

सुट्टीनंतर त्या कामावर आल्या. ब्रेकर बसला होता, सीआरओला नवी तीन पिनांची केबल आली होती, फरशीवर रबरी मॅट आली होती. त्यांनी सगळी लॅब पुसली, सीआरओ सोडून. 'जेवलीस काय' बंद. त्या पत्र्यावर धूळ साचत गेली. मी पुसली नाही. ते काम त्यांचं होतं, मी पुसलं असतं तर त्यांचा हात कायमचा नाकारल्यासारखं झालं असतं. पण आत धूळ जाऊन चालत नाही, धूळ ओल धरून ठेवते आणि त्या ओल्या धुळीतून करंट वाट काढतो. शेवटी एका सकाळी मी म्हटलं, "मावशी, सीआरओ पुसा ना."

"चालू कर," त्या म्हणाल्या. "आनि तू लाव आधी हात."

मी तो चालू केला. खिशातला टेस्टर काढून पत्र्याला लावला. दिवा लागला नाही. "बघा, काही नाही."

"ती काठी नको दाखवूस मना. हात लाव."

नवी केबल मीच बसवली होती, मीच तपासली होती, तरी हात पुढे जाईना. मग डोळे मिटले आणि तळवा पत्र्यावर टेकवला. पत्रा गार होता. एक क्षण गेला, दुसरा गेला. डोळे उघडले तर मावशी यंत्राकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी हात काढायला गेले.

"ऱ्हावदे जरा," त्या म्हणाल्या, आणि फडकं घेऊन माझ्या हाताच्या बाजूबाजूने पुसायला लागल्या.