नलिनीकाकूंची ऱ्हाईन

आमच्या आणि मंदारच्या कुटुंबाने ऱ्हाईन नदीवर बोटीतून जेमतेम एक दुपार काढली. पण शुक्रवारी दोह्यात, फरीज बिन ओमरान भागात, मंदारकडे जेवायला जमलो की गप्पा हमखास तिथेच पोचतात. एकाचं सांगून होईतो दुसऱ्याला दुसरं काहीतरी आठवतं.

तेव्हा कतारमधला फुटबॉल वर्ल्ड कप तोंडावर आला होता. मंदार स्टेडियमच्या छताच्या कामावर, त्यामुळे रजा मिळणं कठीणच. त्याच्या इजिप्शियन साहेबांनी सही करताना बजावलं, "यल्ला, चल, माझा विचार बदलायच्या आत नीघ. पण फोन चालू ठेव."

* * *

मंदारच्या आई, नलिनीकाकू, नाशिकला इतिहास शिकवायच्या. शाळेच्या मुलांना घेऊन कितीतरी किल्ले चढलेल्या. आता गुडघे साथ देत नाहीत. बोटीत अगदी पुढची खुर्ची पकडून बसल्या. दोन्ही काठांच्या डोंगरांवर किल्ल्यामागून किल्ला दिसत होता.

"हे बरंय," त्या म्हणाल्या. "आता किल्लेच भेटायला येतायत."

* * *

माझा नवरा प्रसाद दोह्याजवळ मेसईदला खताच्या कारखान्यात आहे. नदीत मालवाहू बोटींची नुसती रहदारी. सगळे किल्ल्यांचे फोटो काढतायत, हा बोटींचे.

"ह्यात युरिया असणार," म्हणाला.

मी म्हटलं, "आपल्या लग्नातही तू मांडव सोडून जनरेटर बघत होतास."

"चांगला होता जनरेटर."

* * *

एका मालबोटीवर कपडे वाळत होते आणि एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती. काकूंनी हात हलवला. तिने झारी उंचावली.

"रोज दारासमोर नवा किल्ला," काकू म्हणाल्या. "काय नशीब आहे हिचं."

* * *

मंदार मात्र मागच्या कठड्याशी, सारखा साहेबांशी फोनवर. शेवटी काकू काठी टेकत मागे गेल्या आणि फोन मागून घेतला.

आपल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी मंदारची आई. तुमचं छत पडतंय का?"

"नाही, मॅडम."

"मग त्याला माझ्याशेजारी बसू द्या. मी काही पुन्हा इथं यायची नाही."

मंदारचा चेहरा उतरला. "आई, नोकरी गेली माझी."

"बस," काकू म्हणाल्या.

तो बसला. त्यानंतर फोन वाजला नाही.

सुट्टी संपवून मंदार धास्तावतच साइटवर पोचला. साहेबांची केबिन बंद होती. काम सुरू झाल्यापासून एकही रजा न घेतलेला तो माणूस अलेक्झांड्रियाला, आईकडे गेला होता.