शेपूट वर, मग माप

अल्लाबक्ष घोडेगावचा रॉकेलवाला. बैलगाडीवर आडवं पिंप, त्याचं तोंड मागल्या अंगाला, आणि हातात खुणा कोरलेली बाभळीची काठी. बैल सोडून जू भुईला टेकवलेलं असलं की गडी माप दाखवायचा न्हाई. तेल फुडं पळालंय, आता काठी खोटं बोलंल, म्हनायचा. गिऱ्हाईक घाईत असू दे न्हाईतर शिव्या देऊ दे, आधी बैल जुंपायचे, मग काठी बुडवायची. आमच्या लंकाबाई चुलतीनं एकदा विचारलं, बैलांना बी तेल मोजता येतं व्हय रं? हा हसला, पण जुंपलेच.

एकाहत्तर साली उसावर पाकोळी ही रस शोषनारी कीड पडली आणि कारखान्यानं फवारणीचं विमान मागवलं. माळावर धावपट्टी आखली. पेट्रोल भरायला मापाचा चोख मानूस पाहिजे म्हनून शेतकी अधिकारी आप्पासाहेबांनी अल्लाबक्षला लावलं.

तिसऱ्या दिवशी पायलट निम्मं रान फवारून घाईनं खाली उतरला. टाकी भरल्याचं सांगितलं हुतं आणि वर पेट्रोलचा काटा शून्यावर. चौथ्या दिवशी बी तेच. विमानाबरोबर आलेल्या मिस्त्रीनं तो काटा नवा बसवून त्याचं माप जुळवलेलं. त्यानं सरळ सांगितलं, काटा बरोबर हाय, पेट्रोल भरनाऱ्याच्या घरात मुरतंय. दहा गावं ज्याच्या काठीवर डोळे झाकून तेल घ्यायची, त्याला बाजारात लोक काठ्या दाखवून हसायला लागले. विमान माळावर बसलं, पाकोळी ऊस शोषीत राहिली, आणि तपासाला विमान खात्याचा साहेब आला. चोरी ठरली असती तर अल्लाबक्षचं काम गेलं असतं, आणि त्या काठीला कुनी फुडं विचारलं नसतं.

अल्लाबक्ष दोन दिवस विमान न्याहाळीत बसलेला. उभं असलं की शेपूट भुईला, नाक आभाळाला. उडताना मात्र सरळ आडवं. साहेबाफुडं त्यानं एवढंच विचारलं, "मिस्त्री, काटा लावला तवा शेपूट कुठं हुतं?"

"कुठं म्हणजे? जमिनीवर."

"मंग तुमी जू सोडलेल्या गाडीत माप घेतलंय."

मिस्त्री हसला. साहेब हसला न्हाई.

टाकी रिकामी करून सगळ्यांदेखत दहा लिटर ओतलं. काटा दहावर. मग अल्लाबक्षनं आपली गाडी आनली, आठ जनांनी विमानाचं शेपूट उचलून तिच्यावर ठेवलं. विमान सरळ झालं. पेट्रोल फुडं सरकलं, टाकीच्या मागल्या टोकाचा, काटा हलवनारा तरंगता गोळा खाली बसला आणि काटा घसरत घसरत शून्यावर टेकला. एक थेंब कुठं गेला नव्हता.

साहेबानं पुस्तक काढून नियम समजावला. इंजनाला ओढता येत न्हाई तेवढंच पेट्रोल तळाला उरलं, की सरळ उडताना काट्यानं शून्य दाखवायचं. "सरळ उडताना" एवढं त्यानं मिस्त्रीकडं बघून दोनदा वाचलं.

काटा परत लावला, तो शेपूट गाडीवर असतानाच. पंधरा दिवसांत पाकोळी हटली. पायलट रोज काट्याआधी काठी विचारायचा.

फुडच्या बाजारात अल्लाबक्षच्या पिंपाभोवती ही गर्दी. कुनीतरी नवखा माप मागायला लागला, तर लंकाबाईनं त्याला मागं सारलं.

"दम धर की. विमान बी जुंपूनच मोजत्यात."