बनूबाईचं पाणी बंद केलं

आमच्या बिल्डिंगमध्ये बनूबाईचा हात लागला नाही असं एक पण घर नाही. खरवईला राहायला आलो तेव्हापासून बघतेय. नळ गळतोय? बनूबाई वायसर बदलून देते. दरवाजा फुगून अडकतोय? बनूबाई कडेला मेणबत्ती घासते, झाला मोकळा. लादीच्या फटीत व्हाइट सिमेंट पण तीच भरते, जुन्या टूथब्रशने. पैसे नाही घेत, फक्त चहा. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरची आहे ती, तिथे दरवर्षी घर स्वतः लिंपायची. आता अंबरनाथला कंपनीत पॅकिंगला जाते. आणि अशा बाईचं पाणी बंद केलं या लोकांनी! तीन दिवस! घरात सासू अंथरुणावर असताना!

केलं कोणी, तर आमच्या सेक्रेटरीने. धर्मेशदादा, तिच्या घराच्या अगदी खालच्या घरात राहतात. त्यांच्या बाथरूमच्या सीलिंगमधून पाणी टिपकायला लागलं. वर जाऊन बघितलं नाही, विचारलं नाही, डायरेक्ट ग्रुपवर टाकलं, ‘बनूबाईंच्या जुगाडामुळे लीकेज. प्लंबर आणून बाथरूम तोडून नीट करेपर्यंत पाणी बंद.’ आणि गच्चीवर जाऊन तिच्या लाइनचा व्हॉल्व फिरवून आले. खाली लोकांचे अंगठे. ज्यांचे नळ तिने फुकट बसवले त्यांचे पण अंगठे! डोकंच फिरलं माझं.

तीन दिवस मी आणि आई तिला बादल्या देत होतो. तिसऱ्या दिवशी ती दारात आली. "तेजल, नीळ हाय का गं घरात?"

"कपडे धुणार? आत्ता?"

"नाय गं. बग तर."

तिने आमच्याच बादलीत नीळ ओतली, पाणी गडद निळं केलं आणि तिच्या बाथरूमच्या लादीवर, नहाणीच्या जाळीत, कोपऱ्याकोपऱ्यात सोडलं. "आता खाली चल. माझं पानी असंल तर निळं पडंल."

तासभर आम्ही धर्मेशदादांच्या बाथरूममध्ये वर बघत उभ्या. टप. टप. पांढऱ्या लादीवर थेंब पडतायत आणि एकदम साफ! निळ्याचा पत्ता नाही.

"आधीचं मुरलेलं असणार," धर्मेशदादा.

"तीन दिस पानी बंद हाय माझं. किती मुरंल? बारवीचं धरन हाय का माझ्या लादीखाली?"

जिज्ञासावहिनी, त्यांची बायको, फसकन हसली. दादा तिच्यावर डाफरले. बनूबाई स्टुलावर चढून फॉल्स सीलिंगची पट्टी सरकवायला लागली, तर म्हणतात, "ए, हात नका लावू! नवीन आहे ते."

"अहो, सरका तुम्ही," वहिनी बोलली. "महिनाभर बादली लावून मी बसतेय, तुम्ही नाही."

पट्टी निघाली. आत त्यांच्याच नवीन गिझरचा पाइप. लांबून, कॅम्प पाचवरून खास आणलेल्या प्लंबरने बसवलेला. जॉइंट ओलाचिंब.

बनूबाईने बोटाने पुसून बघितलं. "आट्यांवरची टेप उलटी गुंडाळलीय. आटे फिरतात एकीकडं, टेप दुसरीकडं. घट्ट करायला गेला तेव्हाच सुटली ती."

म्हणजे महिनाभर ते स्वतःचंच पाणी झेलत होते! मला वाटलं आता तरी सॉरी बोलतील. कसलं काय. म्हणतात, "मग आता वर चढलातच तर करून टाका ना. दहा मिनिटांचं तर काम."

मी काहीतरी घाण बोलणार होते, पण त्याआधीच ती खाली उतरली. "पाच मिनटांचं हाय. तुमचा प्लंबर बोलवा."

घरातून पाना घेतला आणि तरातरा गच्चीवर. मी मागे. तिने स्वतःचा व्हॉल्व उघडला, पाइपात खळखळ झाली. मला वाटलं संपलं. तर तिने पान्याने नट काढला, व्हॉल्वची लाल दांडी उपसली आणि कमरेला खोचली. आता फिरवा कोणाला फिरवायचाय तो!

धर्मेशदादा धापा टाकत वर आले. "अहो बनूबाई, ती सोसायटीची आहे!"

"मग टाका ग्रुपवर," ती म्हणाली. "सरका. सासूला आंघोळ घालायचीय."